सहा फुटांचं मिठागर

१

भाईंदरकडच्या मुर्धा, राई, मोर्व्यापासून पार उत्तनच्या बंदरापर्यंत, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं की मीठ किती ते सांगणारा एकच माणूस शिल्लक आहे, असं शिवदास भोईर भेटेल त्याला सांगायचा. ऐकणारा मान डोलवायला लागला की स्वतःच पुढे म्हणायचा, "बाकीच्यांना बीपी आहे. डॉक्टरनं चाटायला बंदी केलीय."

शाळेत तो चौथीपर्यंत गेला, आणि चौथी त्याला इतकी आवडली की दोनदा केली. बाराव्या वर्षी मिठागरात पाय टाकला आणि पुढे पंचेचाळीस वर्षं तो पाय खाऱ्या पाण्यातच राहिला. उजव्या पायाची करंगळी फावड्याखाली गेली. ती मगरीनं नेली असं तो पोरांना सांगायचा, आणि मोठ्यांना सांगायचा की सासऱ्यानं जावयाकडून मानाची मागून घेतली. पुढे मिठागरं बंद पडली. भोईरांच्या वाटणीच्या आगरावर सात मजले चढले आणि चौथ्या मजल्यावर शिवदास, त्याचा मुलगा योगेंद्र आणि सून निशिगंधा राहायला आले. बायको शालन ते बघायला राहिली नव्हती.

निशिगंधा गिरगावची. लग्नात तिनं बाकी काय आणलं ते शिवदासला आठवत नाही, पण एक तीन फुटी काचेची टाकी आणली, आणि तिच्यात अख्खा समुद्र. समुद्री जीव चिकटलेले जिवंत दगड, प्रवाळ, मासे. ती परदेशी मीठ काट्यावर तोलून पाण्यात कालवताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून त्याला ठसका लागला. आगऱ्याच्या घरात मीठ विकत, तेही बादलीत बसून विमानानं आलेलं! पण महिन्याभरात तोच पहाटे उठून पंप पुसायला लागला. वर्षाभरात टाकी त्याची झाली. माशांची बारशीही त्यानंच केली. पिवळा, चपटा, कोणाच्याही अंगावर जाणारा तो चेअरमन. नारिंगी पट्ट्यांची जोडी म्हणजे व्याही आणि विहीणबाई. हे नाव कोणावरून पडलं ते निशिगंधाला ठाऊक होतं आणि तिच्या आईला अजून ठाऊक नव्हतं, म्हणून घरात शांतता होती.

निशिगंधाचा जीव मात्र माशांत नव्हता. तो होता एका हिरव्या प्रवाळात. त्याच्या टोकांना हातोडीचा आकार, म्हणून घरात त्याचं नाव हातोडा. लग्नाआधी घेतला तेव्हा त्याला दोन टोकं होती. आता एकेचाळीस.

सगळ्या जगाची चेष्टा करणाऱ्या या माणसानं टाकीची चेष्टा एकदाच केली. निशिगंधा अंधेरीला ऑफिसात मीटिंगमध्ये होती, तिला फोन करून रडक्या आवाजात सांगितलं, सूनबाई, हातोडा गेला. ती टॅक्सी करून घरी आली. हातोडा पाण्यात डुलत होता आणि सासरा सोफ्यावर. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पण नवी सहा फुटी टाकी आली, आणि येत्या रविवारी हा सगळा संसार एका काचेतून दुसऱ्या काचेत हलवायचं ठरलं, तेव्हा तिनं शिवदासला समोर बसवलं.

"बाबा, रविवारी एक जरी चेष्टा केलीत ना, तर टाकी कौस्तुभकडे जाईल. मी त्याला तसं सांगून ठेवलंय."

कौस्तुभ तिचा भाऊ, बोरिवलीला राहणारा. त्याच्या हॉलमध्ये एक भिंत या टाकीसाठी तीन वर्षं रिकामी वाट बघत होती. दुसरी अट अशी की गावातलं कोणी मदतीला आणायचं नाही, कारण शिवदासचे दोस्त यायचे आणि माशांना वेफर घालायचे.

शिवदासनं दोन्ही कान धरले. त्याच्या आयुष्यात उरलेलं खारं पाणी तेवढंच होतं, हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी कोणी खरं मानलं नसतं.

२

रविवारी सकाळी योगेंद्र एअरपोर्टच्या ड्युटीवर गेला आणि हॉलमध्ये दोन टाक्या समोरासमोर राहिल्या. जुनी भरलेली, नवी कोरी.

टाकीच्या तळाच्या वाळूवरून आदल्या दिवशीच वाद होऊन गेला होता. निशिगंधाचं म्हणणं, वाळू धुवायची, पसरायची, झालं. शिवदासचं म्हणणं, पंपाची धार लागली की ती उडणार आणि हातोड्याच्या तोंडात जाणार. आगरात ते कुंडीचा, म्हणजे मीठ पिकतं त्या वाफ्याचा, तळ पायांनी तुडवून असा बसवायचे की मीठ ओढताना चिमूटभर चिखल वर येत नसे. तशी तुडवू. ती म्हणाली, काच फुटेल. तो म्हणाला, साडेसहाशे लिटर पाणी पेलणारी काच, मी बावन्न किलोचा, तेही भरल्या पोटी. शेवटी ती हसली आणि कबूल झाली, पण पाय नुसत्या पाण्यानं धुवायचे, साबण लावायचा नाही.

टाकी कंबरेएवढ्या उंच लोखंडी स्टँडवर होती. पाइप तळातून खाली न्यायचा म्हणून स्टँडची मधली चौकट उघडी ठेवलेली. शिवदासनं पंखा बंद केला, स्टूल लावलं, लुंगी खोचली आणि आत उतरला. दोन बोटं जाडीची ओली वाळू पायाखाली थंड लागली. समोर खिडकी. खिडकीबाहेर शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरच्या पायाचे खांब ठोकणारं पायलिंगचं मशीन आणि त्याच्याही पलीकडे भरतीचं पाणी शिरणारं उरलंसुरलं खाजण.

आधी टाच, मग कड, मग बोटं. पाय विसरले नव्हते.

आगरात तुडवताना माणसं एकामागे एक लागत. मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर. पुढचा हाक द्यायचा, "पड पाय!" मागचा म्हणायचा, "पडला!" आणि दोघांचे पाय एकदम खाली. एकट्यानं कधी कोणी तुडवत नसे. का, ते कोणी सांगत नसे. माणूस कमी पडलाच तर म्हातारे मागे शेळी बांधत. शिवदास लहानपणी त्या शेळीला हसला होता आणि त्यापायी एक सणसणीत खाल्ली होती. आज माणूसही नव्हता आणि शेळीही. पण पाय तालात यायचे तर हाक हवीच.

"पड पाय!" तो खिडकीकडे बघून म्हणाला.

उत्तर कुठून येणार? पण सवय अशी की उत्तराला लागतो तेवढा वेळ त्यानं सोडला आणि मगच पाय टाकला.

मग रंग चढला. सहा फूट जायचं, काचेला टेकायचं, वळायचं, परत यायचं. बहात्तराव्या वर्षी, चौथ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत उभं राहून मिठागर तुडवणारा असा माणूस दुसरा कोण असेल, या विचारानं त्याला इतका आनंद झाला की त्यानं डोळे मिटून घेतले. डावा खांदा जड झाला होता. तो गेल्या पावसाळ्यापासून धरतोच. मधेच पाठीमागून निशिगंधाचा आवाज आला, बाबा, चहा. मागे न बघता तो म्हणाला, ठेव. ताल मोडायचा नव्हता.

अर्ध्या तासानं वाळूवरून फळी फिरवून, तिला पाटासारखी करून तो उतरला. टीपॉयवर दोन कप होते. एक बशीनं झाकलेला, भरलेला. दुसरा रिकामा. शिवदासला गंमत वाटली. कप विसळून पालथा घातला नाही म्हणून अख्ख्या घराला फैलावर घेणारी बाई स्वतः उभ्या उभ्या चहा पिऊन खरकटा कप टाकून गेली. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यानं हे सबंध बिल्डिंगला सांगितलं असतं. आज बंदी होती. त्यानं मुद्दा मनात गाठ मारून ठेवला, आपला चहा प्यायला आणि आंघोळीला गेला.

३

आंघोळ करून आला तो आपलं काम डोळे भरून बघायला. वाळूवर पावलं होती.

एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत, एकापुढे एक, टाच खोल, अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून. टोकाशी वळलेली. परत आलेली.

शिवदासला पहिल्यांदा झाला तो अभिमान. सून शिकली! दुसऱ्याला बंदी घालायची आणि स्वतः डाव टाकायचा, हे त्यालाही कधी सुचलं नव्हतं. तो मागच्या बाल्कनीत गेला. निशिगंधा टबात दगड घेऊन ब्रशनं घासत बसली होती. त्यानं तिच्या पायांकडे बघितलं. पुरीएवढी पावलं, पिवळ्या सपातांत. कोरडी. नखात वाळूचा कण नाही.

"काय बघताय?"

"काही नाही. सपाता छान आहेत."

हॉलमध्ये येऊन त्यानं लादी बघितली. टाकीतून उतरलेल्या माणसाच्या पायांना ओली वाळू लागणारच. लादीवर ती होती, पण स्टुलापासून न्हाणीपर्यंत एकच रांग, आणि त्यातलं प्रत्येक उजवं पाऊल चार बोटांचं. त्याचं स्वतःचं.

म्हणजे आतलीही माझीच असणार, फळीतून सुटलेली. हे त्याला पटलं. तरी खात्रीला म्हणून तो पुन्हा स्टुलावर चढला, आणि उजवा पाय एका उजव्या पावलावर, न टेकवता, अधांतरी धरला. वाळूतलं पाऊल बोटभर लांब निघालं. आणि त्याला पाच बोटं होती.

ओली वाळू पसरते, असं त्यानं स्वतःला समजावलं. पसरून करंगळी फुटते का, हे मात्र विचारलं नाही.

कोणाला सांगावं? टाकीत कोणीतरी चालून गेलंय, हे वाक्य शिवदास भोईरच्या तोंडून निघालं की पुढचं सगळं त्याला दिसत होतं. निशिगंधा हातातला ब्रश खाली ठेवेल, फोन उचलेल, आणि बोरिवलीची ती भिंत भरेल. त्यानं फळी घेतली आणि पावलं पुसली. पुसताना वाळू खाली फरशीसारखी लागली. एका माणसाच्या पायानं अर्ध्या तासात ती एवढी बसत नाही. हे त्याच्या हाताला कळलं. हातानं फळी झटकली आणि ठेवून दिली.

४

आधी जुनं पाणी पिंपात काढलं. निशिगंधानं त्यासाठी छोटा पंप दिला होता, पण शिवदासनं नळी तोंडानं ओढूनच पाणी चालू केलं. मग प्रवाळं, पाण्याबाहेर न काढता, परातीतून. मग दगड. शेवटी मासे. चेअरमननं जाळीत यायला नकार दिला आणि दहा मिनिटं आमसभा चालली.

नव्या टाकीत पाणी सोडताना निशिगंधानं श्वास धरला होता. वाळू उडाली की सगळं दूध होतं, मग दोन दिवस काही दिसत नाही. पाणी चढत गेलं, वीतभर, हातभर, काठापर्यंत. एक कण हलला नाही. काचेपलीकडचा सोफा त्यातून स्वच्छ दिसत होता. ती टाकीकडे बघत राहिली, मग सासऱ्याकडे.

"बाबा, मानलं तुम्हाला."

सहा वर्षांत पहिल्यांदा. शिवदासनं छाती फुगवायला श्वास घेतला आणि तो तसाच अर्ध्यात राहिला, कारण मासे सुटले होते आणि चेअरमनचं काहीतरी बिनसलं होतं.

एरवी तो नाकासमोर पोहायचा. बाकीचे बाजूला व्हायचे. आता टाकीच्या मधोमध, जिथे दगड नाही, प्रवाळ नाही, नुसतं पाणी आहे, तिथे येऊन तो वळसा घालत होता. खांबाला घालावा तसा. मग वीतभर पुढे दुसऱ्या खांबाला. व्याही-विहीणबाईंनीही तिथे येऊन तसंच केलं. थोड्या वेळानं वळसे फूटभर डावीकडे सरकले. मग आणखी डावीकडे.

"बघा, नवीन घर कसं फिरून बघतोय," निशिगंधा कौतुकानं म्हणाली. तिनं मीठ मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं. शिवदास त्याला दुर्बीण म्हणायचा. "लिटरला पस्तीस ग्रॅम. अगदी बरोबर."

शिवदासनं बोट बुडवून जिभेला लावलं. पस्तीस होतं. पण त्याच्या मागून दुसरी चव आली, कडू. मीठ ओढून घेतल्यावर कुंडीच्या तळाला जे लालसर पाणी उरायचं, त्याची. ते पाणी आगरात कोणी तोंडात घेत नसे. बैलसुद्धा नाही.

"थोडं कडू लागतंय."

निशिगंधानं त्याच्याकडे बघितलं. येऊ घातलेली चेष्टा ओळखणारी ती नजर होती. "दुर्बीण खोटं बोलत नाही, बाबा."

मिठाच्या बाबतीत शिवदास भोईर जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

प्रवाळं दगडाला चिकटवली होती. तो लेप घट्ट होईपर्यंत अर्धा तास पंप बंद ठेवायचे होते. निशिगंधा आत अंग टाकायला गेली. पंपांची घरघर थांबली तशी त्या घरात ती किती होती ते कळलं. फ्रिजचा आवाज. खाली कुणाची तरी स्कूटर. आणि मग, थप.

थोड्या वेळानं, थप.

मधला वेळ शिवदासला ओळखीचा होता. हाकेला लागतो तेवढा, आणि उत्तराला लागतो तेवढा. प्रत्येक थपेला पाण्याच्या शांत पाठीवर एक बारीक वर्तुळ उठत होतं.

"पायलिंग चालू आहे वाटतं," आतून निशिगंधा झोपाळलेल्या आवाजात म्हणाली.

हो, पायलिंग. शिवदासला एवढं हायसं वाटलं की तो मशीनला हात जोडायला खिडकीत गेला. मशीन उभं होतं. वॉचमननं त्याच्यावर आपला शर्ट वाळत घातला होता. शर्ट जराही हलत नव्हता.

५

मग उरला आत्माराम.

वीस वर्षं आगरात शिवदासच्या मागे तुडवणारा, खांद्यावर हात ठेवणारा, आणि खोडीत त्याच्या बरोबरीचा असा एकच माणूस. हे सगळं कोणी जमवून आणू शकत असेल तर तोच. कसं, ते शिवदासला सुचत नव्हतं, पण चांगल्या खोडीत ते सुचत नाहीच. त्यानं बाल्कनीचं दार ओढून घेतलं आणि फोन लावला. मनात म्हणाला, आता हा सोफ्यामागून वाजला की झालं.

फोन लांब पाली गावात वाजला. आत्माराम तिथे लेकीकडे होता, तीन आठवडे, पायाला प्लास्टर. आधी लेकच बोलली. म्हणाली, काका, बाबांना हसवू नका, हसले की पाय हलतो.

शिवदासनं सांगितलं की टाकीत वाळू तुडवली. आत्माराम हसायला लागला. काचेत उभा राहून? लुंगी खोचून? सुनेच्या समोर? मग त्यानं सहज विचारलं, मागं कोन होतं.

"कोन न्हाय. यकटाच."

तिकडे टीव्ही चालू होता, त्याचा आवाज कमी झाला.

"हाक दिलीस?"

"सवयीनी."

"मंग सोरलीस?"

हाक दिली की ती सोडावीही लागते. दिवस संपला की पुढच्या माणसानं म्हणायचं असतं, "सुट पाय." मग मागचा खांद्यावरचा हात काढतो, आणि मगच कुंडीतून कोणी बाहेर पडतं. पंचेचाळीस वर्षांत त्यानं ते एकदाही चुकवलं नव्हतं. आज मागे कोणी नव्हतं, म्हणून म्हटलं नव्हतं.

तिकडचा टीव्ही पुरता बंद झाला.

"शिवदास," आत्माराम म्हणाला, "मस्करी करत आसशील तं आत्ता सांग."

६

गळती बघायला टाकीखाली वर्तमानपत्र पसरलेलं होतं. ते बघायलाच शिवदास खाली शिरला, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तो कागदावर उताणा झाला, स्टँडच्या चौकटीत डोकं घातलं आणि मोबाईलचा उजेड वर धरला.

कागद कोरडा होता. पाइपचा सांधा कोरडा होता. वर काच, आणि काचेला खालून चिकटलेली दिसणारी पांढरी वाळू.

तिच्यात एका जागी डाग पडला. आधी गोल, टाचेचा. मग बाहेरची कड. मग पाच बोटं, एकेक करून. ओल्या लादीवर उभ्या राहिलेल्या माणसाचा तळवा लादीच्या आतून बघावा तसा, फिकट, दाबून सपाट झालेला. थप. ती शिवदासच्या दातांत वाजली. डाग उचलला गेला, चार कण सुटे झाले, आणि वीतभर पुढे दुसरा पडला.

बुडबुडे असतात वाळूत, त्यानं स्वतःला सांगितलं. पाण्याचा दाब असतो. माणूस बहात्तर वर्षांचा असतो आणि सकाळपासून एका चहावर असतो. हे सगळं खरं होतं. त्यानं हात वर नेला आणि पुढचा डाग पडायचा त्या जागी काचेला तळवा लावला.

पाऊल बरोबर त्याच्या तळव्यावर पडलं. पंधरा मिलिमीटरची काच त्याच्या हातात किंचित खाली वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

तिच्यावर साडेसहाशे लिटर पाणी होतं. हातोडा होता, एकेचाळीस टोकांचा. आत हातोड्याची मालकीण झोपली होती, शिवदासच्या भरवशावर. आपल्या आयुष्यातल्या सगळ्या खोट्या हाका त्याला एकदम आठवल्या. खरी निघाली ती कुजबुजल्यासारखी.

"सुट पाय."

थप थांबली. दोन्ही तळवे त्याच्या तोंडाच्या वर, शेजारी शेजारी टेकले आणि तसेच राहिले. शिवदासनं उत्तराला लागतो तेवढा वेळ सोडला. उत्तर आलं नाही. तळवे जागच्या जागी हळूहळू फिरले. मग टाचा उचलल्या गेल्या आणि सगळा भार बोटांवर आला. खाली काय आहे ते बघायला माणूस वाकतो तेव्हा येतो तसा.

शिवदासनं डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा वाळू पांढरी होती, आणि पाटासारखी सपाट.

७

चार वाजता पंप चालू झाले. ऊन टाकीतून आरपार जाऊन भिंतीवर हलायला लागलं. हातोडा फुलला, एकेचाळीसच्या एकेचाळीस टोकांनी. चेअरमन टाकीच्या मधोमध नाकासमोर चालून गेला आणि विहीणबाईंना बाजूला व्हावं लागलं. शिवदासनं भीत भीत बोट बुडवून चाटलं. पस्तीस, आणि मागे काही नाही. त्यानं पुन्हा एकदा चाटलं, नुसतं बरं वाटायला म्हणून.

निशिगंधा टाकीसमोर उभी राहून फोनवर बोलत होती. कौस्तुभला सांगत होती की ती भिंत आता रंगवून घे, कपाट लाव, काय ते कर, टाकी इथेच राहणार. बाबांनी आज दिवसभरात एकही चेष्टा केली नाही. आणि वाळू अशी बसवलीय की टाकीवाल्यांच्या ग्रुपमधले सगळे फोटो मागताहेत.

शिवदास ऐकत होता. डावा खांदा सकाळसारखाच जड होता, पण आता त्याला त्याचं काही वाटेना. एवढं काम केल्यावर खांदा भरणारच. आतून काहीतरी वर यायला लागलं, पाणी चढावं तसं, आणि त्यानं ते अडवलं नाही. टाकी राहिली. पाणी राहिलं. खाली जे काही बघितलं ते उपाशी पोटी बघितलं.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, बहात्तराव्या वर्षी, सकाळी सातपासून, हे सगळं एकट्यानं. मिरा-भाईंदर सोडा, वरसाव्याचा पूल ओलांडून पलीकडेही असा माणूस दाखवा. एकट्यानं, हां. निशिगंधा त्याच्याकडे बघून हसली, पण हसू पुरतं ओठांवर आलं नाही. काहीतरी गिळल्यासारखं केलं तिनं.

बंदी आता उठलीच होती. शिवदासनं सकाळची गाठ सोडली. टीपॉयवरचा तो रिकामा कप अजून तिथेच होता. त्यानं तो दोन बोटांत धरून उजेडात फिरवला. कडेला पांढरी रेघ वाळली होती.

"सूनबाई, अख्ख्या घराला शिस्त लावता, आणि स्वतःचा खरकटा कप दिवसभर टीपॉयवर? विहीणबाईंना फोन लावू का?"

"तो कप माझा नाही, बाबा," निशिगंधा म्हणाली. "सकाळी तुमच्या खांद्यावर हात ठेवून मागे तुडवत होते ना, त्यांचा आहे. तुम्ही तर वळूनही बघितलं नाहीत, त्यांनीच वाकून माझ्या हातातून घेतला. गावातलं कोणी आणायचं नाही असं ठरलं होतं, तरी मी दिवसभर एक शब्द बोलले नाही. पण तुमच्या प्रत्येक हाकेला उत्तर देत अर्धी वाळू त्यांनी तुडवली, आणि एकट्यानं केलं म्हणून नाव मात्र स्वतःचं सांगताय?"